दिसतंय का?

आमचं गाव आणि आमचं रान यांच्यामध्ये डोंगराची एक सोंड आहे. भोर तालुक्यात असतात तसलीच. मुख्य रांगेतून फुटून खाली उतरलेली, पावसाळ्यात हिरवी, एरवी पिवळी, माथ्यावर कातळ आणि करवंदीच्या जाळ्या. गाव तिच्या अलीकडे, रान पलीकडे. गाडीरस्ता नाही. खिंडीतून पायवाट जाते, धडधाकट माणसाला पाऊण तास लागतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, आता ब्याऐंशीचे आहेत आणि दोन्ही गुडघ्यांनी त्यांची साथ सोडली आहे. त्यामुळे किती वेळ लागतो हा प्रश्न अकरा वर्षांपूर्वीच निकालात निघाला.

पलीकडे मोबाइलची रेंजही पोचत नाही. रान चुलतभाऊ कसतो. तो अधूनमधून फोटो काढून आणतो, कधी व्हिडिओ. अण्णा बघतात आणि फोन परत देतात. "हे कालचं झालं," म्हणतात. "आज काय हाय?"

या एका प्रश्नापायी माझे आठ महिने गेले, दोन व्हिडिओ ट्रान्समीटर जळाले आणि बायकोने स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइलचा रोल कपाटात कुलपाआड ठेवायला सुरुवात केली.

मला आणि माझ्या एका मित्राला रिमोटवरची विमानं उडवायचा नाद आहे. नाद हाच शब्द बरोबर. छंद म्हटलं की त्यात शिस्तीचा आणि बचतीचा वास येतो, इथे दोन्हींचा पत्ता नाही. फोमचं विमान, त्याच्या नाकाशी बोटाच्या पेराएवढा कॅमेरा, मागे व्हिडिओ ट्रान्समीटर, ज्याला आमच्यात सगळे व्हीटीएक्सच म्हणतात, आणि जमिनीवर डोळ्यांना ते चित्र दाखवणारा गॉगल. गॉगल चढवला की पायाखालची जमीन सुटते. पहिल्यांदा लावणारा माणूस हमखास बसून घेतो, कुणी सांगावं लागत नाही. २०२१च्या ड्रोन नियमांत हौशी मॉडेल विमानाला नजरेच्या टप्प्यात राहायची अट आहे आणि सरकारच्या ड्रोन-नकाशावरच्या हिरव्या भागात ४०० फुटांच्या वर जायचं नाही. म्हणून गॉगल लावलेल्याच्या शेजारी उघड्या डोळ्यांनी विमानाकडे बघणारा एक माणूस आम्ही कायम उभा करतो. त्याला बिचाऱ्याला काहीच मजा येत नाही. या माणसाबद्दल पुढे बोलायचंच आहे.

तर मित्र म्हणाला, मी पलीकडे रानात जातो, तिथून माझ्या डोळ्यांसमोर विमान उडवतो, तू अलीकडे अण्णांना चित्र दाखव. सोपं वाटलं. गावातल्या घरापासून रान सरळ रेषेत चौदाशे मीटर. एवढ्या अंतरावर मोकळ्या माळावर आमचं चित्र लख्ख यायचं. पण मध्ये सोंड, आणि सोंडेचा माथा ओट्यापासून सत्तर मीटर उंच.

विमान ताब्यात ठेवायला फारसं काही लागत नाही. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, जुन्या तारेसारखं चार शब्दांत काम भागतं, आणि चार शब्द कुठूनही निसटून पोचतात. चित्राचं तसं नाही. ॲनालॉग व्हिडिओ वीसेक मेगाहर्ट्झची जागा अडवून चालतो, लग्नाच्या वरातीसारखा, सगळा रस्ता त्यालाच हवा. त्यात आमचं चित्र जातं ५.८ गिगाहर्ट्झवर. तिथे लहरीची लांबी पाच सेंटिमीटर. लांब लहर डोंगराच्या कडेवरून थोडीफार पलीकडे वाकते, ही पाच सेंटिमीटरची लहर जवळजवळ वाकतच नाही. आपल्याला डोंगरामागचं दिसत नाही, तसं तिलाही दिसत नाही.

मी तरी हिशेब मांडून पाहिला. सोंडेला सुरीच्या धारेसारखी पातळ कड मानली, जी ती नाही, तरी डोंगरापायी जे वाया जातं ते भरून काढायला साधारण दहा हजारपट ताकद लागते. आमचा व्हीटीएक्स २०० मिलिवॉटचा. दहा हजारपट म्हणजे दोन किलोवॉट. दोन किलोवॉटचा आमच्याकडे गिझर आहे. तो फोमच्या विमानावर बसवता आला असता तरी बाकीच्या कायद्यांचं काय, हा प्रश्न उरलाच असता. या नादात पडलेला प्रत्येक जण सुरुवातीला ताकदीच्या मागे लागतो, मीही लागलो होतो. अंतर दुप्पट करायचं तर ताकद चौपट लागते, एवढं कळलं तरी माणूस शहाणा व्हायला हवा, पण दुकानात ८०० मिलिवॉटची डबी समोर दिसली की शहाणपण गळतं.

ताकद वाढवून होत नसेल तर उंची वाढवायची. सोंडेच्या माथ्याच्या वर असं काहीतरी उभं करायचं, ज्याला रानही दिसतं आणि ओटाही दिसतो. नुसतं दिसून भागत नाही, हीही यातली एक मेख आहे. लहर दोरीसारखी सरळ जात नाही, मध्यभागी ती फुगलेली असते, पोटाळ. चौदाशे मीटरच्या पल्ल्याला ५.८ गिगाहर्ट्झवर मध्यावर तिला चारही बाजूंनी सव्वाचार मीटर मोकळी जागा लागते. डोंगराच्या कडेला घासून गेली की पोट फाटलंच समजा. तेव्हा माथ्यापासून चांगलं वर. हिशेब शंभर मीटरवर येऊन थांबला. चारशे फूट म्हणजे १२० मीटर, म्हणजे त्यातही बसत होतं.

याला रिले म्हणतात. मराठीत सह-प्रक्षेपण असा एक शब्द आहे, तो माझ्या पिढीच्या पुणेकरांनी एका विशिष्ट आवाजात, रोज संध्याकाळी ऐकलेला आहे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही कोथरूडला दोन भाड्याच्या खोल्यांत राहायचो. कृष्णधवल टीव्ही, त्याला लाकडी शटर, शटरवर आईने विणलेला रुमाल. मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२च्या २ ऑक्टोबरला, पण मुंबई आणि पुणं यांच्यात अख्खा सह्याद्री आडवा. मुंबईचं चित्र सिंहगडावर यायचं आणि तिथल्या मनोऱ्यावरून पुण्यावर सोडलं जायचं. सिंहगड १,३१२ मीटर, पुणं साधारण ५६०. एवढी उंच काठी फुकटात मिळाल्यावर तिच्यावर मनोरा कोण उभारणार नाही? शिवाजी महाराजांच्या काळात गड ज्या कारणासाठी महत्त्वाचा होता, त्याच कारणासाठी तो दूरदर्शनला हवा होता. तिथून सगळं दिसतं. पुण्यातल्या गच्च्यांवरच्या झाडून सगळ्या अँटेना त्या काळी नैर्ऋत्येकडे तोंड करून उभ्या असायच्या, एखाद्या मोठ्या जमातीने एकाच दिशेला नमस्कार करावा तशा.

वारा सुटला, अँटेनेवर कावळा बसला, की पडद्यावर मुंग्या. मग अण्णा गच्चीवर जायचे. आई टीव्हीसमोर उभी. आणि आई गच्चीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात कधीच बोलली नाही, म्हणून मी जिन्यात, मधल्या वळणावर.

"दिसतंय का?" वरून.

"आई, दिसतंय का?"

"आता एकेका माणसाची दोन दोन दिसतायत."

"दोन दोन दिसतायत!"

"कुणीकडे फिरवू विचार!"

आईला ते कसं माहीत असणार? पण मी विचारायचो, ती काहीतरी सांगायची, मी ते वर पोचवायचो. दोन दोन माणसं का दिसतात हे पुढे इंजिनीयरिंगला कळलं. सिग्नल एकदा सरळ येतो आणि एकदा कुठल्याशा इमारतीवर आपटून, जरा उशिराने येतो, त्या उशिराचं ते दुसरं माणूस. तेव्हा फक्त एवढं कळायचं की शनिवारचा मराठी सिनेमा सुरू झालेला आहे आणि मी जिन्यात आहे. त्या वळणावरून गच्ची दिसत नाही आणि टीव्हीही दिसत नाही. कितीतरी सिनेमांची पहिली दहा मिनिटं मला आजही माहीत नाहीत.

रिले आकाशात न्यायची कल्पना मला सुचली असं मी काही दिवस समजत होतो. वाचायला लागलो तेव्हा कळलं की १९४५ सालीच अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीच्या चार्ल्स नोबल्स नावाच्या इंजिनीयरची योजना जाहीर झाली होती. टीव्हीच्या लहरी क्षितिजापलीकडे जात नाहीत, आणि देशभर मनोरे आणि केबल टाकायच्या तर पैसा आणि वर्षं दोन्ही लागणार. मग मनोरा विमानातच ठेवा, विमान उंचावर घिरट्या घालेल. नाव दिलं स्ट्रॅटोव्हिजन. कागदावर १४ विमानांत अमेरिकेची ७८ टक्के लोकसंख्या येत होती.

हे कागदावरच राहिलं नाही, हे मला फार आवडतं. युद्धातलं बी-२९ बॉम्बफेकी विमान घेतलं, त्याच्या शेपटीवर आठ फुटांची काठी लावली चित्र पकडायला, आणि पोटाखाली २८ फुटांची अँटेना, उडाल्यावर खाली सोडायची आणि उतरायच्या आधी आत ओढून घ्यायची. १९४८च्या २३ जूनला फिलाडेल्फियात रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन चालू होतं. बाल्टिमोरच्या केंद्राचं चित्र विमानाने हवेत पकडलं आणि ओहायोतल्या झेन्सव्हिल या गावात टाकलं, जिथे एरवी टीव्ही पोचतच नव्हता. गावकरी हॉलमध्ये जमले होते. त्यांच्यातल्या कुणी पहिल्यांदा काय विचारलं असेल याचा मला अंदाज आहे.

पुढे केबल आणि मायक्रोवेव्हचे मनोरे भराभर उभे राहिले, १९५१मध्ये अमेरिकेच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत चित्र जमिनीवरूनच जाऊ लागलं आणि स्ट्रॅटोव्हिजन गुंडाळलं गेलं. पण कल्पना चिवट असते. १९६१पासून १९६८पर्यंत इंडियानातल्या परड्यू विद्यापीठाच्या विमानतळावरून डीसी-६ विमानं उडायची, माँटपीलियर नावाच्या गावावर २३,००० फुटांवर इंग्रजी आठच्या आकड्यात फिरत राहायची आणि आजूबाजूच्या राज्यांतल्या शाळांना आकाशातून धडे दाखवायची. धड्यांच्या टेपा विमानातच लावलेल्या. मास्तर आकाशात गोल गोल फिरतोय आणि खाली मुलं पाढे म्हणतायत, हे चित्र मी डोक्यातून काढू शकत नाही.

आणि अजूनही हे चालू आहे. तूर द फ्रान्स ही सायकलींची शर्यत टीव्हीवर बघताना आल्प्सच्या दरीतल्या सायकलवाल्याचा घाम दिसतो, तो मोटरसायकलवरच्या कॅमेऱ्याने टिपलेला असतो. ते चित्र दरीतून सरळ वर हेलिकॉप्टरकडे किंवा विमानाकडे जातं, ते शर्यत संपते तिथल्या ट्रककडे फेकतात, मग जगाकडे. हवामान बिघडून वरची यंत्रं उडू शकली नाहीत की समालोचक बोलत राहतो आणि पडद्यावर शेवटच्या रेषेजवळचा ओला रस्ता दिसतो. कोट्यवधी लोकांपैकी त्या वरच्या वैमानिकाची आठवण किती जणांना येते? चित्र थांबलं की येत असेल.

आमचा रिले म्हणजे सात इंची पात्यांचं चार पंख्यांचं ड्रोन. विमान न घेता ड्रोन घेतलं कारण एका जागी उभं राहायचं होतं. लिथियम-आयनच्या गोल सेलचा पॅक बांधला, लिपोपेक्षा, म्हणजे ड्रोनच्या नेहमीच्या बॅटरीपेक्षा, तो जोर कमी देतो पण दम जास्त धरतो. नुसतं हवेत लटकायचं तर बावीस मिनिटं. पॅक तळाला, मध्ये तोल सांभाळणारा फ्लाइट कंट्रोलर, वर रिसीव्हर. रिसीव्हर ५.८वर ऐकणार आणि त्याला पिवळ्या पिनेच्या त्याच जुन्या वायरने जोडलेला दुसरा ट्रान्समीटर २.४ गिगाहर्ट्झवर बोलणार. ऐकायची आणि बोलायची पट्टी वेगळी हवीच. स्वतः ओरडत असताना लांबच्या माणसाची कुजबुज ऐकू येत नाही, यंत्रालाही नाही. ड्रोनचा स्वतःचा रिमोट आणखी तिसरीकडे, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झमध्ये, ती पट्टी आपल्याकडे बिनपरवान्याची आहे.

पट्ट्या वेगळ्या करूनही पहिल्या चाचणीत रिसीव्हर ठार बहिरा. ट्रान्समीटर त्याच्यापासून वीतभर अंतरावर, आणि स्वस्तातल्या रिसीव्हरचा कान एवढा चोखंदळ नसतो. शेजारच्या घरात लाउडस्पीकर लागला की तो कुठल्या रागात आहे याला महत्त्व नसतं. मग ट्रान्समीटरची ताकद कमी केली, रिसीव्हरला तांब्याच्या पट्टीचं चिलखत घातलं, फॉइलचं प्रकरण याच काळातलं. शेवटी उपाय निघाला तो बी-२९चा. ऐकायची अँटेना वर काठीवर, बोलायची अँटेना खाली लटकती, दोन्ही एका उभ्या रेषेत.

याचं कारण मेदूवड्यात आहे. अशा अँटेनेतून लहरी सगळीकडे सारख्या जात नाहीत. अँटेना उभी धरली तर आजूबाजूला मेदूवड्यासारख्या पसरतात आणि बरोबर वर आणि बरोबर खाली भोक पडतं. दोन अँटेना एकीच्या डोक्यावर एक ठेवल्या की प्रत्येक जण दुसरीच्या भोकात येते आणि भांडण मिटतं. हे समजल्यावर मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की त्याच भोकाचा दुसरा अर्थ माझ्या लक्षातच आला नाही. तो थेट गावात लक्षात आला.

ॲनालॉगच का, डिजिटल का नाही, असं मला मित्राच्या मुलाने विचारलं. डिजिटलचं चित्र सुंदर असतं, कबूल. पण ते मरताना सांगत नाही, एकदम गोठतं. ॲनालॉग मुंग्या दाखवत दाखवत जातं, आपल्याला आवरायला वेळ मिळतो. शिवाय मधल्या यंत्राला त्यात काही कळावं लागत नाही. आलं ते दिलं. एक तोटा मात्र आहे. खालून मुंग्या आल्या तर रिले त्या मुंग्याही इमानेइतबारे मोठ्या करून पुढे पाठवतो आणि त्यात स्वतःच्या चार मुंग्या घालतो. कानगोष्टींच्या खेळात जे होतं तेच.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. मित्र पहाटेच विमान पाठीला बांधून चुलतभावाबरोबर खिंड उतरला. भावाचं काम विमानावर डोळा ठेवायचं. आमच्यात बोलायला ४४६ मेगाहर्ट्झचे बिनपरवान्याचे वॉकीटॉकी. ती लहर सव्वादोन फुटांची आणि आवाजाला जागा थोडकी लागते, त्यामुळे खरखरत का होईना, डोंगरावरून पलीकडे पोचते. जे चित्राला जमत नाही ते आवाजाला जमतं.

अण्णांना ओट्यावर खुर्चीत बसवलं. पुढ्यात सात इंची पडदा, त्याला उन्हासाठी पुठ्ठ्याची टोपी. शेजारी कॅमेऱ्याच्या स्टँडवर चपटी अँटेना. शेजारचे तात्या सुपारी कातरत येऊन बसले. आई आतून म्हणाली, आधी चहा घ्या, मग काय ते उडवा. तिचं कुणी ऐकलं नाही.

अंगणातून ड्रोन सरळ वर नेलं. शंभर मीटरवर थांबवलं. वॉकीटॉकीवर मित्र म्हणाला, विमान हवेत आहे. पडद्यावर मुंग्या. नुसत्या मुंग्या.

"दिसतंय का, अण्णा?"

"दिसतंय की. मुंग्या दिसतायत."

अँटेना फिरवली. चॅनल तपासला. वायर काढून परत लावली. चार मिनिटं गेली, म्हणजे पॅकचा पाचवा हिस्सा. घाम फुटला. तात्या वर बघत म्हणाले, "बरोबर टाळक्यावर आलंय की रं तुझं." आणि माझ्या डोक्यात मेदूवडा लागला. आम्ही भोकात बसलो होतो. खाली लटकणाऱ्या अँटेनेच्या बरोबर खाली, जिथे ती काहीच पाठवत नाही. ड्रोन दीडशे मीटर बाजूला, सोंडेच्या दिशेने सरकवलं. मुंग्या विरळ झाल्या, मग एका बाजूने गोळा होऊन निघून गेल्यासारख्या गेल्या, आणि अण्णा पुढे वाकले.

यापुढचं मी पाहिलेलं नाही.

ड्रोन माझ्या जबाबदारीचं होतं आणि ते माझ्या नजरेत राहायला हवं होतं. शंभर मीटर वर, दीडशे मीटर लांब, ठिपक्याएवढं काळं काहीतरी. जीपीएस त्याला जागेवर धरून ठेवत होतं तरी वाऱ्याच्या झुळकीला ते मान तिरकी करायचं आणि परत सरळ व्हायचं. एक घार कुठूनशी आली, त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, हे खाण्याजोगं आहे का लढण्याजोगं ते तिचं ठरेना. मी घारीवर डोळा ठेवून, अंगठे काड्यांवर, गळ्यात रिमोट, कॉलरला वॉकीटॉकी. पडदा माझ्या पाठीमागे पाच पावलांवर. मागे वळलो असतो तर ड्रोन परत शोधायला किती वेळ लागला असता कोण जाणे.

"इहिरीकडं घ्यायला सांग," मागून अण्णा.

बटण दाबलं. "विहिरीकडे घे."

"विहीर कुठली? इथे दोन आहेत."

"अण्णा, दोन आहेत म्हणतोय."

"दोन? दुसरी कंची? अरे, ती शेजाऱ्याची. जांभळाखालची म्हणावं."

"जांभळाखालची."

"जांभूळ म्हणजे कुठलं झाड रे, वरून सगळी सारखीच दिसतायत."

"अण्णा, तो म्हणतो वरून सगळी सारखीच दिसतायत."

"शेरातला हाय का त्यो? डावीकडं म्हणावं. आणखी डावीकडं. हां, थांब म्हणावं."

"थांब."

"अरे, विमान आहे, थांबतं कसं?"

हे अण्णांना सांगावं का याचा मी क्षणभर विचार केला आणि सांगितलं नाही. "परत फिरून ये," एवढंच वर म्हटलं. म्हणजे वर नाही, पलीकडे. पण तोंडातून शब्द गेला तो वर असाच होता.

विमान विहिरीवरून चार वेळा गेलं. दर फेरीला मागे शांतता पसरायची, तात्यांचा अडकित्ताही थांबायचा, मग अण्णा पुटपुटायचे. बांधाचा दगड हलवलाय वाटतं. खाचरं काढून झाली. पेंढा उघड्यावर टाकलाय बघ त्यानं. आंब्याची फांदी कुणी तोडली? एकदा ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत आणि मी "दिसतंय का?" विचारलं, तर "गप बस" म्हणाले.

बावीसपैकी सतरा मिनिटांना रिमोट ओरडायला लागला. आणखी एक फेरी, अण्णा म्हणाले. मी एक फेरी दिली, जी द्यायला नको होती. मग ड्रोन खाली आणायला सुरुवात केली. ते सोंडेच्या माथ्याखाली उतरलं असेल तेव्हा मागून आवाज आला, "गेलं."

ड्रोन अंगणात टेकलं, पंखे थांबले. पॅक हात लाववेना इतका गरम. अण्णा अजून मुंग्यांकडेच बघत होते, पडदा बंद करू दिला नाही. चहा झाल्यावर मी पडद्याचं रेकॉर्डिंग काढायला गेलो. रेकॉर्डिंग नव्हतं. कार्ड घातलं होतं, तपासलं होतं, लाल बटण दाबायचं राहिलं होतं. मुंग्यांच्या त्या चार मिनिटांत दाबायचं ठरवलेलं आणि मेदूवड्याच्या भानगडीत विसरलेलं. मित्राकडेही काही नाही. त्याच्या गॉगलमधलं कार्ड त्याच्या टेबलावर, पुण्यात.

संध्याकाळी पारावर अण्णांच्या भोवती पाच-सहा जण. खिंडीपलीकडचं रान ज्यांनी आज सकाळीच पायांनी पाहिलं होतं असेही दोघं त्यात. अण्णा सांगत होते. विहिरीच्या सात पायऱ्या उघड्या आहेत, म्हणजे पाणी होळीपर्यंत जाईल. जांभळाला ढोली पडली आहे. आंब्याची फांदी तोडणाऱ्याला ते विचारणार आहेत. मला आमचा कॅमेरा माहीत आहे. तीस मीटरवरून, पाऊणशे किलोमीटरच्या वेगात, सात इंची पडद्यावर, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना त्यात पायऱ्या मोजता येतील का?

एकाने तेच विचारलं. "सात? एवढ्या वरनं मोजल्या व्हय अण्णा?"

अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "त्याला इचार की. त्यो हुता तिथंच."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सात," मी म्हणालो.